विहिरीत टीसीएल टाकताना: मोजमापापासून शेवटच्या नळाच्या ओटी टेस्टपर्यंत

पावसाळा लागला की ग्रामपंचायतीच्या वहीत रोज ‘टीसीएल टाकले’ (टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर) अशी नोंद पडते, आणि तरी त्याच गावात जुलाब-उलट्यांचे पेशंट निघतात. मग चर्चा सुरू होते ती पावडर बोगस होती का याची. कधी असतेही. पण बरेचदा घोळ टाकण्याच्या पद्धतीत असतो. विहिरीतलं पाणी मोजलेलं नसतं, भुकटी कोरडीच फेकलेली असते, पाणी लगेच गावात सोडलेलं असतं आणि शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून सांगणारी चाचणी, कुणी केलेलीच नसते.

हे लिहितोय ते जलसुरक्षक, पाणी सोडणारा शिपाई, पाणी समितीचे सदस्य आणि परसात स्वतःची विहीर असलेली घरं यांच्यासाठी. टप्पे दिलेत त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळला की पुढच्याची मेहनत वाया जाते.

१. आधी विहिरीला एक फेरी मारा

पावडरीला हात लावण्याआधी विहिरीभोवती आणि विहिरीत नजर टाका. घाण रोज आत येत असेल तर क्लोरीन रोज तिथेच संपणार.

बाहेरून काय बघायचं: कठडा सलग आहे का, भोवतीच्या ओट्याला भेगा आहेत का, सांडलेलं पाणी नालीतून लांब जातं की तिथेच मुरतं. उकिरडा, गुरांचा गोठा, संडासाचा शोषखड्डा यांपासून विहीर निदान १५ मीटर, म्हणजे साधारण ५० फूट लांब हवी. जमीन उताराची असेल आणि शोषखड्डा वरच्या अंगाला असेल तर एवढ्यावरही विसंबू नका.

आतून बघायचं ते बहुतेक जण विसरतात. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांनी, ऊन विहिरीत उतरतं तेव्हा, कठड्यावरून आतल्या भिंती नीट न्याहाळा. पाण्याच्या पातळीच्या वर एखादी काळपट ओली धार खाली उतरलेली दिसली, तर तिथून वरचं सांडपाणी झिरपतंय. उंबर-पिंपळाची रोपं जिथे फुटलीत तिथे भेग आहेच. ती भेग सिमेंटने बंद होत नाही तोवर टीसीएल म्हणजे तात्पुरता इलाज.

सावधान: भेग बघायला किंवा गाळ काढायला कुणालाही एकट्याने खोल, बंदिस्त विहिरीत उतरवू नका. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणं तर जिवावर बेततं.

२. पावडर जिवंत आहे का ते पाहा

ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. हवा, ऊन, ओल आणि उष्णता लागली की तो उडत जातो. वर्षभर उघड्या पोत्यात पडलेली पावडर दिसायला पांढरीच असते, पण तिच्यात चुन्याशिवाय फारसं काही उरलेलं नसतं.

पोतं उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास यायला हवा आणि भुकटी मोकळी हवी. ढेकळं झाली असतील, हाताला ओलसर लागत असेल, वास मंद असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती पावडर पाण्यासाठी वापरू नका.

साठवताना:

- पोतं थेट फरशीवर ठेवू नका. खाली लाकडी फळी हवी आणि खोली कोरडी, अंधारी, हवेशीर हवी.
- एकदा उघडलं की पावडर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात काढा आणि उघडल्याची तारीख डब्यावर लिहा.
- जुना माल आधी संपवा. नवं पोतं पुढे आणि जुनं मागे ठेवण्याची सवय सगळ्यात महागात पडते.
- खतं, कीटकनाशकं, डिझेल, ॲसिड यांच्या खोलीत पावडर ठेवू नका. ॲसिडशी संबंध आला की क्लोरीन वायू सुटतो आणि डिझेल-रॉकेलशी आला तर पेट घेऊ शकते.

जागा नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, कपाट आणि कॉम्प्युटरच्या शेजारी पोती लावलेली असतात. कपाट गंजतं, कॉम्प्युटर बिघडतो आणि पावडरही मरते. तिन्ही नुकसानं एका खोलीत.

३. विहिरीतलं पाणी मोजा

इथे अंदाज चालत नाही. ‘चार परस पाणी आहे’ हे गप्पांना ठीक, मात्रा काढायला निरुपयोगी.

लागतं फक्त एवढंच: टेप, लांब दोरी आणि दोरीला बांधायला दगड.

पहिलं माप व्यासाचं. टेप विहिरीच्या मधोमध, एका आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत धरा. कठड्याची जाडी त्यात येता कामा नये. विहीर पूर्ण गोल नसेल तर दोन दिशांनी मोजून सरासरी घ्या.

दुसरं माप पाण्याच्या खोलीचं. दगड तळाला टेकेपर्यंत दोरी सोडा, दोरी सैल पडली की थोडी ताणून घ्या आणि वर ओढा. जेवढी दोरी ओली झाली तेवढं पाणी. लोक इथे विहिरीची खोली लिहितात. आपल्याला पाण्याची खोली हवी आहे, आणि ती जूनमध्ये वेगळी, सप्टेंबरमध्ये वेगळी.

हिशेब असा:

व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५ = लिटर (मापं मीटरमध्ये)

मापं फुटांत असतील तर ७८५ च्या जागी २२ घ्या.

उदाहरण: व्यास ५ मीटर, पाणी ४ मीटर. ५ × ५ × ४ × ७८५ = ७८,५०० लिटर.

चौकोनी टाकी असेल तर लांबी × रुंदी × पाण्याची खोली × १०००.

तपासा: व्यासाचा आकडा दोनदा गुणलाय ना? व्यासात चूक झाली की ती हिशेबात वाढून येते. व्यास दुप्पट धरला गेला तर पाणी चौपट निघेल. एकदा बरोबर मोजलेला व्यास कठड्यावर ऑइलपेंटने लिहून टाका. त्यानंतर रोज फक्त दोरी टाकायची.

४. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या

गढूळ पाण्यात टाकलेला क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतो, आणि जंतू मातीच्या कणांआड लपून राहतात. चहाच्या रंगाच्या पाण्यात दुप्पट टीसीएल टाकून ते सुरक्षित होत नाही.

विहिरीचं पाणी पहिल्या मोठ्या पावसाने गढूळ झालं असेल तर मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं खालचं तोंड) तळापासून वर घ्या, उपसा कमी करा आणि गाळ बसू द्या. टाकीत किंवा घरच्या भांड्यात घेतलेल्या पाण्याला तुरटी चालते. खडा धुऊन पाण्यात थोडा वेळ फिरवायचा, पाणी हलवायचं, मग तास-दोन तास हात लावायचा नाही. गाळ खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात काढायचं.

क्रम पक्का लक्षात ठेवा: तुरटी, गाळ बसणं, पाणी वेगळं काढणं, त्यानंतर टीसीएल. दोन्ही एकदम टाकली तर खाली बसू पाहणाऱ्या गाळावरच क्लोरीन संपतो. आणि तुरटी फिरवलेलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तसंच प्यायचं, ही दुसरी चूक. तुरटीने पाणी निवळतं. जंतू गाळाबरोबर कमी होतात, संपत नाहीत.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर हे रोजचं गणित बंद. विहीर उपसून गाळ काढा, भिंती घासा आणि नवीन पाणी भरल्यावर दर १००० लिटरला १५० ग्रॅम ताजी पावडर या जबर मात्रेने द्रावण सोडा. निदान १२ तास ते पाणी कुणी वापरायचं नाही. नंतर ते सगळं उपसून मोकळ्या जमिनीवर सोडा. मासे असलेल्या ओढ्यात सोडू नका. पुन्हा पाणी भरलं की नेहमीच्या मात्रेवर या.

५. मात्रा ठरवा

गावोगावी चालणारं प्रमाण म्हणजे १००० लिटरला ५ ग्रॅम. स्वच्छ, निवळ पाणी आणि चांगली पावडर असेल तर १००० लिटरला २.५ ग्रॅमही पुरतात, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. आपल्या ७८,५०० लिटरच्या विहिरीला पहिल्या हिशेबाने साधारण ४०० ग्रॅम लागतील, दुसऱ्याने २०० ग्रॅम.

पावडर जुनी असेल तर वजन वाढवावं लागतं. अहवालात २५ टक्के क्लोरीन आला असेल तर ४०० × ३३ ÷ २५ = ५२८ ग्रॅम.

पण हे सगळे ठोकताळे. पाण्यातली घाण स्वतःसाठी किती क्लोरीन खाते ते ठोकताळ्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी हॉरॉक्सची पेटी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. कित्येक ठिकाणी ती कपाटात सीलबंद पडलेली असते. पेटीत सहा पांढरे कप, आत खूण असलेला एक काळा कप, २ ग्रॅमचे चमचे, ढवळायच्या काचेच्या काड्या, ड्रॉपर आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं.

कसं करायचं:

- काळ्या कपात एक सपाट चमचा पावडर घ्या. थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग खुणेपर्यंत पाणी भरून ढवळा आणि निवळू द्या.
- सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घ्या, काठापासून बोटभर खाली.
- काळ्या कपातलं निवळलेलं द्रावण पहिल्या कपात १ थेंब, दुसऱ्यात २, असं सहाव्यात ६ थेंब टाका. प्रत्येक कपाला वेगळी काडी.
- अर्धा तास थांबा. घड्याळ लावूनच.
- प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब टाकून ढवळा.

ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो त्याचा नंबर बघा. तितके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. दुसऱ्या कपात निळा आला तर ४५५ लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे आपल्या विहिरीला सुमारे ६९० ग्रॅम. ठोकताळ्याने आपण ४०० टाकणार होतो. त्या दिवशी ओटी टेस्ट निगेटिव्ह आली असती आणि दोष पावडरीवर गेला असता.

या चाचणीची खुबी अशी की ती तुमच्याच पोत्यातल्या पावडरीने होते. पावडर कमजोर असली तर तीही यात आपोआप हिशेबात येते, वरचं टक्केवारीचं गणित वेगळं करावं लागत नाही. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात दर आठवड्याला, आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी ही चाचणी करावी. उन्हाळ्यातली मात्रा जुलैत चालवणं हे साथीचं अगदी नेहमीचं कारण आहे.

वजनासाठी रोज काटा लागत नाही. एकदा १०० ग्रॅम पावडर पिशवीत मोजून घ्या, ती प्लॅस्टिकच्या मगात ओता आणि पातळीवर मार्करने रेघ मारा. तो मग दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

६. द्रावण तयार करा

इथे प्लॅस्टिकच्या दोन बादल्या लागतात. लोखंडी नकोत, क्लोरीन त्या खातो. हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

- एका बादलीत एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका. ४०० ग्रॅम असतील तर चार खेपा. कंटाळा येतो, पण जास्त घेतली की गुठळ्या राहतात.
- आधी थोडं पाणी घालून लाकडी दांड्याने पातळ पेस्ट करा.
- मग पाऊण बादली पाणी भरून नीट ढवळा.
- ५ ते १० मिनिटं बादली हलवू नका. चुना तळाला बसेल.
- वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओता. क्लोरीन त्यात आहे.
- खाली राहिलेला चुना विहिरीपासून लांब खड्ड्यात टाका.

चुना विहिरीत गेला की पाणी जड होतं आणि तळाला थर साचत जातो. पांढरा थर दिसतो म्हणून ‘विहिरीत टीसीएल भरपूर पडतंय’ असं समाधान मानणारी गावं आहेत. तो थर म्हणजे फक्त चुना.

सावधान: कोरडी भुकटी पाण्यावर फेकली तर ती वर तरंगते, उडते, गुठळ्या होऊन तळाला जाते. वरच्या थरात क्लोरीन जास्त आणि मधल्या पाण्यात काहीच नाही, अशी स्थिती होते. मोटार पाणी ओढते ते बहुधा खालून.

७. विहिरीत सोडा, आणि ढवळा

वेळ रात्रीची निवडा. शेवटचा हंडा भरून गेला की काम सुरू करायचं, म्हणजे सकाळपर्यंत विहिरीला कुणी हात लावत नाही.

द्रावणाची बादली दोरीने पाण्याच्या पृष्ठभागाखाली उतरवा. खाली गेल्यावर ती वर-खाली आणि आडवी जोरात हलवा, म्हणजे द्रावण खालच्या थरांत पसरेल. विहिरीच्या वेगवेगळ्या बाजूंनी हे करा. वरून नुसतं ओतलं तर ते वरच राहतं.

नळयोजना असेल तर द्रावण उंच टाकीत सोडा, आणि तेही टाकी भरत असताना. आत पडणारं पाणीच ढवळण्याचं काम करतं. टाकी भरून झाल्यावर वरचं झाकण उघडून ओतलेलं द्रावण एका कोपऱ्यात राहतं, आणि सकाळी पहिल्या दहा घरांना झोंबणारं पाणी, पुढच्या शंभर घरांना नुसतं पाणी, असं होतं.

साथ सुरू असेल तर हे रोज. एक दिवसाआड नाही.

८. एक तास थांबा

विहिरीत द्रावण मिसळल्यावर निदान एक तास पाणी काढायचं नाही. टाकीत सोडलं असेल तर टाकी भरल्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर व्हॉल्व्ह बंद.

याला कुणी वेळ देत नाही. लाइट सकाळी सहाला येते, सातला पाणी सोडायचं असतं, टीसीएल पावणेसातला पडतं. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. पाणी गार असेल किंवा पीएच जास्त असेल तर आणखी जास्त. लाइटचं वेळापत्रक आपल्या हातात नाही हे खरं. म्हणूनच टाकी आदल्या रात्री भरून, टीसीएल घालून ठेवायची.

९. ओटी टेस्ट

आदल्या सगळ्या कामाचा निकाल इथे लागतो. एका तासानंतर विहिरीच्या पाण्यात निदान ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त, म्हणजे घाणीशी न बांधलेला, क्लोरीन उरलेला हवा. कमी असेल तर कमी पडलेली मात्रा आणखी टाकून पुन्हा तासभर थांबायचं. घरच्या नळाला पोहोचेपर्यंत तो कमी होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाला निदान ०.२ हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल, जसं कावीळ किंवा साथीच्या काळात, तर ०.५.

पद्धत सोपी आहे, पण हातघाईत बिघडते:

- नळ दोन मिनिटं वाहू द्या. हंड्यातलं साठवलेलं पाणी घेऊ नका.
- किटमधली नळी त्याच पाण्याने दोनदा विसळून खुणेपर्यंत भरा.
- ओटीचे थेंब किटवर लिहिलेत तेवढेच टाका. ‘थोडा जास्त टाकला की रंग चांगला येतो’ हे चुकीचं आहे.
- झाकण लावून उलटी-सुलटी करा. तोंडाला अंगठा लावून हलवू नका. ओटी तीव्र आम्लात असतं आणि ते रसायन स्वतःही घातक आहे.
- पांढऱ्या कागदासमोर धरून पहिल्या दहा सेकंदांत रंग बघा आणि किटच्या पट्टीशी ताडा.

लगेच येणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा. पाच-दहा मिनिटांनी हळूहळू गडद होत जाणारा पिवळा बराचसा बांधलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याची ताकद फार कमी. शिपाई नळी खिशात ठेवून ऑफिसला नेतो आणि तिथे ‘पॉझिटिव्ह’ लिहितो, तेव्हा हेच झालेलं असतं. चाचणी नळाजवळच करा. रंग केशरी-तांबडा आला तर मात्रा फार जास्त झालीय. ते पाणी थांबवा.

तपासा: टीसीएल टाकण्याआधीच्या पाण्यालाही एकदा ओटी टाकून बघा. तेव्हाही पिवळं आलं तर त्या पाण्यात लोह किंवा मँगनीज असू शकतं आणि तुमचा रोजचा ‘पॉझिटिव्ह’ खोटा आहे. अशा गावात डीपीडी गोळीचं किट मागा. त्यात रंग गुलाबी येतो आणि मुक्त क्लोरीनचा आकडा जास्त भरवशाचा मिळतो.

चाचणी झालेलं पाणी नाल्यात किंवा अंगणात नको, वेगळ्या खड्ड्यात. ओटीची बाटली उन्हात ठेवू नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वासाची तक्रार आली तर लगेच मात्रा कमी करू नका. मात्रा अपुरी असली तरी घाणीशी अर्धवट बांधलेल्या क्लोरीनचा वास जास्त येऊ शकतो. आधी ओटीचा आकडा बघा, मग ठरवा.

१०. शेवटच्या नळाला रंग येत नसेल तर

सगळ्यात जास्त चाचण्या होतात त्या ग्रामपंचायतीसमोरच्या नळाला. तिथे पिवळं येणारच, तो टाकीजवळ असतो. चाचणी हवी ती लाइनच्या टोकाला.

टोकाला रंग नसेल तर तिथून टाकीकडे उलट चालत या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला एक टेस्ट करा. दोन नळांच्या मध्ये क्लोरीन अचानक नाहीसा झाला असेल तर तिथेच गळती आहे. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी शिरतं. पुढचा पुरवठा सुरू झाला की पहिलं पाणी तेच. कुणी नळाला थेट मोटार लावली असेल तर ती पाइपातून ओढते आणि बाहेरची घाण आणखी आत येते.

नळखड्डे हा वेगळाच रोग. पाणी जोरात यावं म्हणून घरापुढे दोन-तीन फूट खोल खड्डा करून नळ खाली नेलेला असतो, त्याला तोटी नसते. पुरवठा बंद झाला की खड्ड्यातलं भांडी घासलेलं, पाय धुतलेलं पाणी त्याच उघड्या पाइपातून मागे जातं. अशा एका नळखड्ड्याने अख्ख्या गल्लीचं पाणी बिघडतं. नळखड्डा बुजवून नळ वर घेतल्याशिवाय टीसीएल वाढवण्यात अर्थ नाही, आणि ही गोष्ट ग्रामसभेत बोलायला लागते. शिपायाच्या आवाक्यातली ती नाही.

११. घरची लहान विहीर: दुहेरी मडकं

कोकणात परसातल्या विहिरीला रोज बादली-द्रावण करणं जमत नाही. त्यांच्यासाठी नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने सुधारलेली दुहेरी मडक्याची पद्धत उपयोगी आहे. सुमारे ४,५०० लिटर पाणी आणि दिवसाला ४०० लिटरच्या आसपास उपसा असलेल्या विहिरीला एक मडकं दोन ते तीन आठवडे पुरतं.

दोन उभी मडकी घ्या. आतलं साधारण २५ सेंटीमीटर उंच आणि १६ रुंद, बाहेरचं ३० उंच आणि २५ रुंद. आतल्याला काठाजवळ १ सेंटीमीटरचं भोक, बाहेरच्याला तळापासून ४ सेंटीमीटर वर तेवढंच भोक. १ किलो पावडर आणि २ किलो जाडी वाळू थोडी ओलसर करून मिसळा आणि आतल्या मडक्यात भोकाच्या ३ सेंटीमीटर खालपर्यंत भरा. आतलं मडकं बाहेरच्यात ठेवा, तोंड प्लॅस्टिकने घट्ट बांधा आणि दोरीने पाण्याखाली निदान एक मीटर सोडा, म्हणजे बादली आपटून फुटणार नाही.

पहिल्या दिवशी ओटी टेस्ट करा, नंतर दर दोन-तीन दिवसांनी. रंग फिका पडला की मडकं बाहेर काढून मिश्रण बदला.

१२. घरात आल्यावर

नळाला चांगलं आलेलं पाणी घरात बिघडतं ते हात बुडवल्याने. झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं, बस्स. माठात नवीन पाणी भरण्याआधी जुनं काढून माठ घासून घ्या.

टीसीएलचा भरवसा नसेल तर पाणी खळखळून उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळलेलं पाणी न घासलेल्या माठात ओतलं तर उकळण्याचा खर्च फुकट. आशाताई देतात ती क्लोरीनची बाटली किंवा गोळी वापरत असाल तर मात्रा लेबलवरूनच घ्या, प्रत्येक कंपनीची तीव्रता वेगळी असते. अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका.

१३. क्लोरीनच्या आवाक्याबाहेरचं पाणी

टीसीएल जंतूंवर काम करतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांतला फ्लोराइड, पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यातला क्षार, खतांमुळे वाढलेला नायट्रेट यांतलं काहीही टीसीएलने किंवा उकळून कमी होत नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं. मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेट ४५ च्या वर गेला की ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधासाठी वापरूच नका. इथे स्रोत बदलणं किंवा वेगळं शुद्धीकरण यंत्र, हेच मार्ग.

म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. नमुने दोन प्रकारचे आणि त्यांचे नियम नेमके उलटे. इथेच गोंधळ होतो.

रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकचा कॅन, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळलेला, काठोकाठ भरलेला.

जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच. ती विसळायची नाही. आत थोडी पांढरी पूड दिसते, ती घाण समजून लोक धुऊन टाकतात. ती क्लोरीन थांबवण्यासाठी घातलेली असते. ती गेली तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. नळाची तोटी ज्योतीने भाजून घ्या, पाणी दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, झाकणाच्या आत बोट न लावता बाटली भरा आणि वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत आणि कुठल्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत पोहोचवा. शनिवारी घेतलेला नमुना सोमवारी देऊ नका.

बाटलीवरच्या चिठ्ठीत स्रोताचं नाव, तारीख आणि वेळ लिहा, शिवाय शेवटचं टीसीएल कधी टाकलं आणि त्या वेळी ओटीचा आकडा किती होता तेही. अहवाल वाचणाऱ्याला सगळ्यात आधी तेच बघायचं असतं.